कुरणात गेलेली मुलं

माझं आडनाव थापा. त्यामुळे मी काही सांगायला लागलो की लोक आधीच सावध होतात. आमच्या डोंगरावर माझ्यापेक्षा मोठे थापाडे होते, पण ते सगळे कतारला गेले. आता तिथून फोनवर मारतात.

शाळा बंद झाली तेव्हा तिची एक खोली मुलांचं खेळघर म्हणून ठेवली आणि किल्ली माझ्या गळ्यात पडली. गावात मूल म्हणाल तर एकच, बिपना. वय सहा, प्रश्न साठ. तिची आई धनमाया खाली बेनी बाजारात खोली घेऊन राहायचं म्हणत होती. बिपनाच नको म्हणायची, म्हणून अडलं होतं. ती गेली की उरणार मी, चार म्हाताऱ्या आणि कुत्री. म्हाताऱ्यांना माझ्या गोष्टी पाठ आहेत आणि कुत्र्यांना आवडत नाहीत.

जेठ महिन्यात खेचरांवर रंगाचे डबे लादून चित्रकार आले. तिघं पोर्तुगालची, आणि त्यांचं बोलणं आम्हाला सांगायला काठमांडूची रोजिना शाक्य. गावोगाव हिंडून मुलांच्या खोल्या रंगवायच्या, पैसा घ्यायचा नाही, असं त्यांचं काम. इथे मुलांची झुंबड असते असं त्यांना वॉर्डाच्या अध्यक्षाने सांगितलं होतं. तो माझा पुतण्या.

त्यांची म्होरकी इनेस. तिने अंगणात वाढलेली खाजकुयली बघितली आणि रोजिनाच्या कानात काहीतरी म्हणाली.

"बाजे, मुलं कुठायत?" रोजिनाने मला आजोबा करून विचारलं. "नसतील तर आम्ही पुढच्या गावी जातो."

विचार करायची मला कधी गरज पडलेली नाही. म्हटलं, सगळी वरच्या कुरणात गेलीत, यार्सा काढायला. मेलेल्या अळीतून उगवणारी ती बारीक काडी गवतात पोरांच्याच डोळ्यांना दिसते. या दिवसांत शाळासुद्धा ओस पडतात. महिनाअखेर येतील.

चित्रकार राहिले. इनेस म्हणाली, येईपर्यंत मुलांना भिंतीवर काढू, कशी दिसतात ते सांगा. मग काय, मी फुललो. जेठा इतका दणकट, की तो झुलत्या पुलावर चढला की नदी थोडी वर येते. माइलीच्या शिट्टीवर याक खाली उतरतात. एकदा हेलिकॉप्टर उतरलं होतं. साइला धावला की त्याची सावली संध्याकाळी पोचते. कान्छी केस विंचरत नाही, गेल्या साली त्यात चिमणीने पिल्लं काढली. इनेस काढत गेली. नावांचा अर्थ एवढाच: थोरला, मधली, तिसरा, धाकटी. असली नावं आमच्याकडे घरोघर असतात, हे रोजिनाला कळत नव्हतं थोडंच? तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि कुंचला बुडवला.

बिपना सकाळपासून येऊन बसायची. माइली गट्टे खेळते का, खडे उडवून झेलताना चिडते का, हरली तर रडते का? मी सांगत गेलो. अशी खोली सोडून कोण जाईल, असा माझा हिशेब.

एकदा धनमाया डोकावून गेली. "बाजे, भिंतीवरच्या पोरी हिच्याशी गट्टे खेळणार होय?" असं म्हणाली खरी, पण घरी जाऊन तिने बांधलेलं एक गाठोडं सोडलं. मला वाटलं, जमलं.

काम संपवून चित्रकार निघाले. रोजिना हळूच म्हणाली, "आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं, बाजे. डबे परत खाली न्यायचा कंटाळा आला." तीही थापच असणार.

त्यानंतर बिपना खेळघरात बसेना. वरच्या वाटेकडे तोंड करून चौताऱ्यावर, वाटसरू टेकतात त्या पारावर, बसायला लागली. यार्सावाले उतरले, खेचरं उतरली. मी म्हटलं, दरड पडली असेल. म्हटलं, माइलीचा पाय मुरगळला असेल. पुढे पाऊसही लागला.

एका सकाळी ती उठून घरी गेली आणि आईला म्हणाली, ती सगळी परस्पर बेनीला गेली असणार, आपणही जाऊ. धनमाया ज्या होकारासाठी थांबली होती, तो तिला आयता मिळाला. मीच तो घडवून दिला होता, तोही रंगीत.

निघताना दोघी माझ्या दारात आल्या. माइली नाहीच, एवढं सांगितलं असतं तर कदाचित बिपना राहिली असती. पण मग तिला माइली ना इथे, ना तिथे.

"बाजे, माइली भेटली की काय सांगू?"

"सांग, बाजे खोली झाडून ठेवतात."

"आणि तुम्ही वाट बघताय, ते?"

"ते नको," मी म्हटलं. "हसेल ती."

तिला ते पटलं. धनमायाने टोपलीचा पट्टा कपाळावर घेतला आणि दोघी उताराला लागल्या. त्या वळणाआड जाईपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. यावर माझ्या ओळखीचं कुणीही विश्वास ठेवत नाही.