बोनेटवरचं कुंकू

माझ्या दिराचं आणि माझं कधी पटलं नाही, आणि पटावं असं मला कधी वाटलंही नाही. पियुष तोंडावर मला वहिनी म्हणतो आणि पाठीमागे काय म्हणतो, ते राजापेठेतल्या चहावाल्यालाही ठाऊक आहे. नवरा होता तोवर मी कानाडोळा करायचे. श्यामनं आणि मी मिळून वॉशिंग सेंटर उभं केलं; पहिली दोन वर्षं प्रेशर पंप मीच चालवला. श्याम गेला आणि तिसऱ्या महिन्यात पियुष अकोल्याची नोकरी सोडून आला, वहिनीला मदत करायला. मदत म्हणजे पंख्याखाली खुर्ची ओढून मोबाइल बघणं.

जागा सासऱ्यांच्या, नत्थुजींच्या नावावर. आयुष्यभर त्यांनी मोर्शीला संत्र्याची बाग केली, म्हातारपणी त्यांना आमची रोजची कटकट नको झाली. त्यात शेषराव आले. त्यांच्या ट्रॅव्हल्सच्या अकरा टॅक्सी अमरावती-अकोला धावतात, आणि सगळ्या आमच्याकडे धुवायला द्यायची त्यांची तयारी होती. पण गाडी धुऊन झाल्यावर मारायचं स्प्रे वॅक्स मी एक सांगायचे, पियुष दुसरं. शेषराव वैतागले. आधी तुमच्यात एक ठरवा, म्हणाले.

मग नत्थुजींनीच ठरवून टाकलं. दसऱ्याला दोघांनी शेषरावांची एकेक गाडी करायची. ज्याची गाडी त्यांना पसंत पडेल, सेंटरची किल्ली त्याची. दुसऱ्यानं घरी बसायचं. पियुषला घरी बसून काही फरक पडला नसता, त्याला बसायची सवयच आहे. माझ्याकडे सेंटर सोडून दुसरं काही नव्हतं.

मी भंगारातून एक काळं बोनेट आणलं. आमचं पाणी बोअरचं, इतकं क्षाराचं की गाडी उन्हात वाळली की अंगभर पांढरे ठिपके. बोनेटवर खडूनं पट्टे आखले आणि एकेका पट्ट्यावर एकेक वॅक्स मारून बघितलं. एकाचे ओघळ राहिले. एक दिसायला झकास, पण हात लावला तर चिकट, दोन दिवसांत त्यावर धुळीची साय. तिसरं पहिल्याच धुण्यात वाहून गेलं. चौथं ओल्या गाडीवरच मारायचं आणि पाण्यानं धुऊन टाकायचं. ठिपके नाहीत, चिकटपणा नाही, आणि आठ दिवसांनीही पाणी मारलं की थेंब गोळा होऊन घसरून जायचे. तीन महिने लागले. पियुष त्या बोनेटला माझी प्रयोगशाळा म्हणून हसायचा. त्यानं स्वतः अकोल्याच्या दोस्ताच्या दुकानातून एक डबा आणला होता, तोच तो चिकटवाला. का, तर चमक जास्त.

दसऱ्याला सकाळी सातला दोन पांढऱ्या गाड्या आल्या. मी माझी गाडी टपापासून चाकापर्यंत केली. पियुष आला साडेआठला. त्यानं घाईघाईत गाडी धुतली, दारांना आणि डिकीला डब्यातलं मारलं आणि बोनेट तसंच सोडलं. तिथं हार येतोच, कोण बघतं, असं तो माझ्यासमोर म्हणाला. मला बरंच वाटलं. हा माणूस आपल्या हातानं हरणार, असं मी मनात म्हटलं.

शेषराव दोन्ही गाड्यांभोवती फिरले. माझ्या गाडीपाशी जास्त वेळ थांबले, दारावर बोट फिरवून बोट बघितलं. मग त्यांच्या बायकोनं, सत्यवतीबाईंनी, पूजेचं ताट घेतलं. पियुषच्या गाडीच्या बोनेटवर त्यांनी पाण्यात कालवलेल्या कुंकवानं स्वस्तिक काढलं. ठसठशीत उमटलं. मग त्या माझ्या गाडीकडे आल्या.

पहिली रेघ ओढली आणि कुंकवाचे थेंब झाले. दुसरी ओढली, तेही थेंब झाले आणि घसरत नंबरप्लेटवर उतरले. पांढऱ्या गाडीवर लाल ओघळ. तीन महिने मी त्या भंगारातल्या बोनेटवर पाणी, चिखल, ऊन, सगळं बघितलं होतं. दसऱ्याच्या गाडीसाठी वॅक्स निवडत होते आणि कुंकू लावून बघायचं मला सुचलं नाही. श्याम गेल्यापासून घरातल्या पूजेचं ताट माझ्या हातात कुणी देत नाही, हे खरं. पण मी तरी विसरायला नको होतं.

मी धावत कपडा आणला. एवढी जागा घासून देते, पुन्हा काढा, म्हणाले. सत्यवतीबाईंनी अपशकुन झाल्यासारखा हात मागे घेतला. आणि पियुष खुर्चीवरूनच बोलला.

"वहिनी, तुमच्या हाताखाली कुंकू टिकतच नाई. घरातलं नाई टिकलं, हे कसं टिकन?"

शेषराव जमिनीकडे बघू लागले. मी नत्थुजींकडे बघितलं. श्याम त्यांचाही मुलगा होता. ते नारळाची शेंडी सोलत राहिले. नारळ फुटला, शेषरावांनी नाइलाजानं पियुषच्या गाडीकडे बोट केलं, आणि मी कमरेची किल्ली काढून खुर्चीच्या हातावर ठेवली. पियुषच्या हातात दिली नाही, तेवढं मात्र केलं.

संध्याकाळी दोन्ही गाड्या अकोल्याची फेरी करून आल्या. मी स्वयंपाकघरात होते. नत्थुजी दारात येऊन उभे राहिले, हातात वही आणि पेन.

"रागिणी, तुया औषधाचं नाव सांग. पियुषले लिहून देतो. त्याच्या गाडीवर धूळ बसली, तुयी साफ हाय. शेषराव म्हणे तेच मारा, फक्त बोनेट सोडून मारा."

वॅक्सला ते औषधच म्हणतात, बागेत फवारतात तसं. मी गॅस बंद केला.

"म्हंजे माह्यं चांगलं होतं, हे तुमाले मालूम होतं."

"पियुष पोरगा हाय. त्याच्या हाती काई पाहिजे न. तू तं घरातलीच."

"सकाळी पियुषभाऊ थे कुंकवाचं बोलले, तवा तुमी काहून नाई बोलले?"

त्यांनी वही या हातातून त्या हातात घेतली.

"दसरा होता," ते म्हणाले.

माझ्या पिशवीत वॅक्सची उरलेली अर्धी बाटली होती. ती काढली, नळाखाली धरली आणि त्यांच्यासमोर तिच्यावरचा नावाचा कागद नखानं सोलून काढला. कागदाचा बोळा झाला तेव्हा तो खरकट्यात टाकला. इतका राग मला श्याम गेला तेव्हा देवाचाही आला नव्हता.

"नाव शोधाले मले तीन महिने लागले, मामाजी," मी म्हटलं. "पियुषभाऊले सांगा, त्यायलेही लागतीन."