रेघेपर्यंत पाणी

सुलभाताईंना नागपूरहून अमेरिकेत लेकीकडे येऊन चार महिने झाले होते आणि एवढ्या काळात त्यांच्या हाताला काम म्हणावं असं एकच लागलं होतं, ते म्हणजे जावयाच्या ट्रॅक्टरला सकाळी उठून पाणी पाजणं. हे काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. खरं तर त्या ते करतात हेच घरात कोणाला ठाऊक नव्हतं.

जावई म्हणजे श्रीरंग. मूळचा पुण्याचा, मिनियापोलिसच्या एका कंपनीत डेटाबेस सांभाळायचा. २००५ साली त्याला एकाएकी मातीचं प्रेम उफाळून आलं आणि ईडन प्रेरी या उपनगरातलं चांगलं टाऊनहाऊस विकून त्याने तासाभराच्या अंतरावर पाच एकर जमीन, एक लाकडी घर, एक शेड आणि शेडमधला त्याच्याहून वयाने मोठा असा लाल ट्रॅक्टर विकत घेतला. सुलभाताईंच्या लेकीला, सुमेधाला, यातलं काहीच नको होतं. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट चांगली लांबलचक, आणि मागच्या हिवाळ्यात ट्रॅक्टर वाटेवरचं बर्फ सारताना तापून बंद पडल्यामुळे नवराबायको घरात कोंडून पडली होती. तेव्हाच तिने बजावलं होतं की पुढच्या हिवाळ्यात या ट्रॅक्टरने वाट साफ केली नाही, तर शेत, शेड, ट्रॅक्टर सगळं विकायचं आणि परत ईडन प्रेरी गाठायचं. सुमेधा एकदा बोलली की बोलली, आणि हा गुण कोणाकडून आला ते सुलभाताईंना चांगलं माहीत होतं.

ट्रॅक्टरचं दुखणं तसं साधं होतं. त्याचं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं ते हिरवं औषधी पाणी, कुठूनतरी हळूहळू गळत होतं. कुठून, ते मात्र सापडेना. श्रीरंगने सगळे पाईप चाचपले, सुटीच्या दिवशी भर दुपारी प्रेशर टेस्टर लावून पाहिला, इंटरनेटवर अनोळखी शेतकऱ्यांना प्रश्न विचारले, तर जितके शेतकरी तितकी उत्तरं आली. शेवटी त्याने रेडिएटरशेजारच्या प्लास्टिकच्या टाकीवर काळ्या पेनाने एक रेघ मारली. संध्याकाळी ऑफिसातून आला की कपडेही न बदलता आधी शेडमध्ये जाऊन ती रेघ बघायचा, आणि पाणी रेघेच्या खाली दिसलं की जेवताना त्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही.

सुलभाताई शेडमध्ये जायच्या त्या रांगोळीसाठी. घरात जिथे तिथे कार्पेट, बाहेर फटीफटींची लाकडी डेक, त्यामुळे रांगोळी काढण्यासारखी जमीन सगळ्या पाच एकरांत एकच होती, ती म्हणजे ट्रॅक्टरच्या नाकापुढची शेडमधली फरशी. ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी तिथे बसल्या असताना त्यांची नजर टाकीवर गेली. पाणी रेघेखाली बोटभर उतरलं होतं. आता, उन्हाळाभर सकाळ झाली की कूलर भरण्यात ज्याचा जन्म गेला, त्या नागपूरच्या माणसाला अर्धी टाकी दिसली की हात आपोआप नळाकडे जातो. सुलभाताईंनी तांब्याभर पाणी आणलं आणि बरोबर रेघेपर्यंत ओतलं.

त्या संध्याकाळी श्रीरंग शीळ घालत घरात आला आणि जेवताना त्याने दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. जावई हा दहावा ग्रह असतो म्हणतात. हा ग्रह एका तांब्यात शांत होत असेल तर कोणती सासू हात आखडता घेईल? रोजचा नेमच होऊन बसला. त्यात सुलभाताई स्वच्छतेच्या भोक्त्या. रांगोळीआधी फरशी झाडून पुसून घ्यायच्या, आणि ट्रॅक्टरखाली जरासं ओलं दिसलं तर त्यावरूनही फडकं फिरवायच्या. म्हणजे पोलीस यायच्या आत चोराची पावलं पुसून ठेवणारं माणूस घरातच होतं.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात श्रीरंगने गळती बुजवणारी कसलीशी पावडर आणून रेडिएटरमध्ये घातली होती. पाणी उतरायचं थांबलं, सगळं श्रेय पावडरीला गेलं. महाराष्ट्र मंडळाचा गणपती एका शाळेच्या जिममध्ये बसला होता, तिथे श्रीरंगने मोदकाची डिश हातात धरून या पावडरीवर असं व्याख्यान दिलं की दोघांनी तिचं नाव लिहून घेतलं. त्यातल्या एकाकडे ट्रॅक्टर नव्हताच. सुलभाताई शेजारीच उभ्या होत्या. खरं सांगावं असं त्यांच्या मनात आलंही, पण चारचौघांत जावयाचा फुगा फोडायचा कसा? आणि पाण्याने बिघडतंय तरी काय, असं म्हणून त्यांनी तो विषय मनातून काढून टाकला.

बिघडतंय काय ते त्यांना ऑक्टोबरच्या अखेरीस कळलं, पिठलं-भाकरीच्या ताटावर. आज रात्री पहिली कडक थंडी पडणार, पारा बराच खाली जाणार, असं श्रीरंग सांगत होता. ट्रॅक्टरचं काय, असं सुमेधाने विचारलं. त्याने हसून सांगितलं की कूलंटमध्ये निम्मं औषध असतं, ते असल्या थंडीला दाद देत नाही. नुसतं पाणी असतं तर रात्रीतून गोठून फुगलं असतं, इंजिनाचं लोखंड तडकलं असतं आणि ट्रॅक्टर भंगारात काढावा लागला असता.

सुलभाताईंचा घास हातातच राहिला. आतापर्यंत किती तांबे झाले असतील याचा हिशोब त्यांनी करायला घेतला आणि घाबरून मध्येच सोडून दिला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तो हा असा.

"श्रीरंगराव, ट्रॅक्टरवर एखादी गोधडी टाकली तर?" त्यांनी चाचरत विचारलं.

श्रीरंग हसला. ट्रॅक्टरला थंडी वाजत नाही, म्हणाला.

"आणि समजा, कोणी चुकून साधं पाणी घातलं असलं तर?"

"असं कोण घालेल, आई? थोडा तरी कॉमन सेन्स असतो ना लोकांना."

खरं म्हणजे गप्प बसणं सोपं होतं. सकाळी ट्रॅक्टर तडकला असता, श्रीरंगने पावडरीला शिव्या घातल्या असत्या, आणि लेकीच्या मनासारखं होऊन ती पुन्हा ईडन प्रेरीला गेली असती. कोणाला कधी पत्ताही लागला नसता. सुलभाताईंच्या मनात हे सगळं येऊन गेलं, आणि लेकीसाठी क्षणभर मोहही झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. पण मग शीळ घालत दारातून येणारा श्रीरंग त्यांना आठवला. रेघेला पाणी लागलेलं बघून पोरासारखा खूश होणारा हा माणूस त्यांना मनापासून आवडत होता, आणि त्याच्या ट्रॅक्टरच्या जिवावर आपण उठलो आहोत हे त्यांना सोसेना.

"ते मीच घातलं," त्या म्हणाल्या. "रोज घालते. तुमच्या रेघेपर्यंत."

सुमेधाने कपाळाला हात लावला. सासूवर ओरडता येत नाही, ही आपल्याकडची रीत किती अवघड आहे ते श्रीरंगच्या लाल होत चाललेल्या कानांवरून दिसत होतं.

"म्हणजे माझी पावडर?" त्याने विचारलं.

"पावडर चांगलीच असेल हो," सुलभाताई म्हणाल्या.

मग तिघंही उठली, जेवण तसंच टाकून शेडमध्ये गेली. श्रीरंगने रेडिएटरची तोटी सोडली. खाली जे आलं त्याला हिरवं म्हणण्यापेक्षा पाहुणे वाढल्यावर वाढवलेलं सरबत म्हणणं बरं. जुनं सगळं काढून नवं कूलंट भरेपर्यंत सुमेधा बॅटरी धरून उभी होती.

हात पुसता पुसता श्रीरंगच्या डोक्यात काहीतरी आलं. फरशी पुसताना खाली ओलं असायचं का, असं त्याने सासूबाईंना विचारलं. असायचं की, त्या म्हणाल्या, भल्या पहाटे असायचं, अगदी जरासं, आणि नाही पुसलं तरी उन्हं वर आली की वाळून जायचं. श्रीरंग मटकन स्टुलावर बसला. त्याची सगळी तपासणी भर दुपारची होती. गळती फक्त पहाटेच्या गारव्यात होत होती आणि तो तिला उन्हात शोधत होता.

"आई, आत्ता रांगोळी काढाल?" तो म्हणाला. "ट्रॅक्टरच्या खाली. आणि सकाळी प्लीज काही पुसू नका."

सुलभाताई वाकून, गुडघ्यांवर रांगत ट्रॅक्टरच्या नाकाखाली शिरल्या आणि त्यांनी जन्मात काढली नव्हती एवढी गच्च ठिपक्यांची रांगोळी काढली. सकाळी तिघांनी जाऊन पाहिलं तर सगळी पांढरी कोरडी, आणि मधोमध एकच ठिपका हिरवा, भिजलेला. श्रीरंग त्या ठिपक्याच्या बाजूला आडवा झाला आणि त्याने सरळ वर पाहिलं. खालच्या रबरी पाईपला आवळणाऱ्या लोखंडी पट्टीच्या कडेला एक थेंब लोंबत होता. गारव्यात रबर आकसायचं आणि पट्टी सैल पडायची, दिवसा ऊब आली की सगळं पुन्हा घट्ट. त्याच दिवशी नवी पट्टी बसली. पावडरीचं नाव लिहून घेतलेल्या दोघांना श्रीरंगने इमानदारीत फोन केले. ट्रॅक्टर नसलेला गृहस्थ म्हणाला, मी कारमध्ये घातली, मला तर फरक वाटतोय.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुलभाताईंचं परतीचं तिकीट होतं. आदल्या रात्री बर्फ सुरू झालं ते सकाळपर्यंत थांबलं नाही. वाट कुठे आणि शेत कुठे ते कळेना. सुमेधा खिडकीशी कॉफीचा मग धरून उभी होती. ट्रॅक्टर चाललाच पाहिजे म्हणून वर्षभर धोशा लावलेली ही बाई हळूच म्हणाली, "आज नाही चालू झाला तरी चालेल." सुलभाताईंच्याही मनात तेच होतं.

ट्रॅक्टर पहिल्याच झटक्यात चालू झाला. पुढचं पातं बर्फ बाजूला सारत डांबरी रस्त्यापर्यंत गेलं आणि परत आलं, मध्ये ट्रॅक्टर एकदाही तापला नाही. श्रीरंग बूट न झटकताच घरात आला. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते त्याने एखादी वाईट बातमी सांगावी तसं सांगितलं.

"आई, वाट मोकळी झाली."

कोणीच उठलं नाही. मग सुलभाताई शेडमध्ये जाऊन येते म्हणाल्या आणि सुमेधा त्यांच्या मागोमाग गेली. पाईपची नवी पट्टी कोरडी होती, पाणी रेघेला टेकलेलं होतं. फळीवरचा तांब्या तेवढा घ्यायचा राहिला होता, तो त्यांनी पदराने पुसून हातात घेतला.

"तो इथेच असू दे," सुमेधा म्हणाली. "पुढच्या वर्षी येशील तेव्हा इथेच लागेल तुला."

सुलभाताईंनी लेकीकडे पाहिलं. मग त्यांनी तांब्या परत फळीवर ठेवला.