एकतिसावी दुलई

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी वहिनींच्या मशीनची सुई तुटली. वरचा तुकडा हाती लागला, पण टोक गायब. समोर तान्ह्या बाळांच्या चाळीस दुलयांचा गठ्ठा होता आणि चार वाजता गाडी येणार होती.

तुटलेल्या सुईचे सगळे तुकडे कागदावर चिकटवून जुळवून दाखवायचे, तोवर माल हलवायचा नाही, असा कारखान्याचा नियम होता. तपासनीस काकांनी कालच आलेलं, तळहातात मावणारं मेटल डिटेक्टर बाहेर काढलं.

“आधी अंगठी काढा काका, नाहीतर ते तुमच्यावरच ओरडेल.”

असं म्हणून वहिनी हसल्या खऱ्या, पण मनात एकच विचार होता. ते टोक एखाद्या बाळाच्या पाठीत रुतलं तर?

तीस दुलया झाल्या तरी यंत्र मुकंच होतं. एकतिसावीवर ते किंचाळलं. वहिनींनी घाईघाईने शिवण उसवली आणि कापसातून चिमट्याने टोक ओढून काढलं.

“सापडलं बाई एकदाचं!” त्यांचा जीव भांड्यात पडला.

काकांनी ते कागदावर ठेवून भिंगातून पाहिलं.

“वहिनी, हे तुमचं नाही. जाड आहे, जुळत नाही.”

म्हणजे आधीही कुणाची तरी सुई तुटली होती आणि ती बाई मूग गिळून बसली होती. वहिनींनी वळून पाहिलं. बाकीच्या अकराही मशीन थांबल्या होत्या, पण एकही मान वर होईना.

उरलेल्या नऊ दुलयांवर यंत्र बोललं नाही. चारला गाडी दाराशी लागली, तेव्हाही वहिनींच्या सुईचं टोक सापडलेलं नव्हतं.