रविवारी ठेवलेली पडताळणी

"साहेब, रविवार तुम्ही मुद्दाम निवडलाय. आमच्या बाया येऊच नयेत म्हणून!"

कुरुळीच्या शाळेत टेबल मांडून बसलेल्या दारूबंदी खात्याच्या साहेबाला मिनलनं तोंडावर सुनावलं. साहेब हसला. "अहो ताई, सुट्टीचा दिवस बघूनच ठेवलाय."

सुट्टी! चाकणच्या पट्ट्यात कंपन्या गुरुवारी बंद असतात, हे शेंबडं पोरही सांगेल. गल्लीच्या तोंडावरचं देशी दारूचं दुकान बंद करायला बायांचं मतदान घ्या, असा मिनल आणि गावातल्या बायांचा अर्ज होता. सही केलेल्यांपैकी चारशे जणींनी सही पडताळायला आज पाचच्या आत साहेबासमोर उभं राहायचं, नाहीतर अर्ज बाद. दुपारी एकपर्यंत आल्या एकशे सदतीस. बाकीच्या फर्स्ट शिफ्टला, मशीनवर. मिनल स्वतः खाडा करून आली होती.

तिच्या भावाला, नवनाथला, दारू सोडून पंच्याण्णव दिवस झाले होते. कंपनीची बस गाठायची तर त्याच दुकानासमोरून जावं लागे. मान खाली घालून तो अक्षरशः पळत सुटायचा. तिला ते बघवत नसे.

"तोंड पाडून काय बसलीस?" खानावळवाली सोजराबाई खेकसली. "बसवाल्यांना फोन लाव की! माझ्याकडं जेवत्यात मेले, न्हाई म्हणतील व्हय?"

मिनलनं एकेका ड्रायव्हरला गाठलं. "भाऊ, आज थांब्यावर नको. शिफ्ट सुटली की थेट शाळेत आणा सगळ्यांना."

साडेतीन झाले. पावणेचार. शिपाई आत्तापासूनच रजिस्टर आवरायला लागला, आणि फाट्याकडून हॉर्न वाजला. एक बस. मागं दुसरी. तिसरी, चौथी... बसची रांगच लागली! डोक्याला कंपनीची टोपी, पायात सेफ्टी शूज, मतदार कार्ड हातात, बाया धडाधड उतरल्या. धुरळा उडाला नुसता.

"फोटो जुळत नाही तुमचा," साहेब एकीला म्हणाला.

"तेव्हा बारीक होते. सोजराबाईच्या भाकरीला विचारा!"

रांगेत हशा पिकला. तीनशे दहा... तीनशे नव्वद... आकडा पुढं गेला तशी मिनल मोठ्यानं मोजायला लागली आणि तिच्यामागं अख्खी रांग. पाचला सात मिनिटं कमी असताना रांगेतल्या दुर्गाबाईनं अंगठा टेकवला. चारशे!

शिट्ट्या, टाळ्या. कुणीतरी जेवणाचा डबाच बडवला.

साहेबानं पेनाला टोपण लावलं. "बरं. अहवाल वर पाठवतो. मतदानाचं मग बघू."

मिनलनं रजिस्टरवर पंजा ठेवला.

"मग म्हणजे कधी? उद्या सकाळी सहाला माझा भाऊ पुन्हा त्या दुकानासमोरून जाणार आहे."

मागं चारशे बायांनी मैदानात बसकण मारली.

"तारीख बोला, साहेब. कोणती?"