झांजिबारच्या लढाईतला रावजी

इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक गुरुप्रसाद सर रत्नागिरीहून गावोगाव जाऊन जगाच्या इतिहासातल्या अजब गोष्टी सांगत. मोबदल्यात शाल, श्रीफळ आणि परत सोडायला गाडी ठरलेली असे. गाडीचं आयोजकांच्या बहुधा लक्षात राहत नसे.

खाडीकाठच्या त्या गावाने माघातल्या सत्यनारायणाला त्यांचं व्याख्यान ठेवलं ते काही ज्ञानाची भूक लागली म्हणून नव्हे. रात्रीच्या नमन-खेळ्यातल्या संकासुराचा मुखवटा चढायला वेळ होता आणि तोवर मंच रिकामा बरा दिसत नाही, एवढीच इतिहासाची गरज.

सरांनी सुरुवात केली. १९३२ साली ऑस्ट्रेलियाच्या फौजेने मशीनगन घेऊन इमू पक्ष्यांवर चाल केली आणि शेवटी इमूंपुढे हात टेकले. कोणी हललं नाही. स्ट्रासबुर्ग शहरात १५१८ साली माणसं रस्त्यात नाचत सुटली ती थांबेचनात, हे ऐकून मागून कोणीतरी म्हणालं, की यात काय नवल, आमच्याकडे दर शिमग्यात होतं. रोममध्ये मेलेल्या पोपला थडग्यातून काढून, खुर्चीत बसवून त्याच्यावर खटला चालवला होता, याला मात्र थोडी दाद मिळाली. कोर्टकचेरीचा विषय कोकणात सहसा वाया जात नाही.

मग सर झांजिबारवर आले. १८९६ साली इंग्रजांच्या तोफांनी सुलतानाचा राजवाडा फोडला, त्याचं जहाज बुडवलं आणि अख्खं युद्ध तासाभराच्या आत आटोपलं. पहिल्या रांगेत मुंबईकर मंडळाचा अध्यक्ष संदेश मोबाइलवर क्रिकेट बघत होता. सरांची सगळी नोकरी अशा खाली घातलेल्या मानांसमोर गेली होती. मरायच्या आधी एकदा तरी त्या वर झालेल्या बघायच्या होत्या.

“आणि त्या बुडालेल्या जहाजावर,” सर म्हणाले, “तुमच्याच गावचा एक खलाशी होता. रावजी.”

माना वर झाल्या. संकासूर अर्धवट चढलेला मुखवटा हाताने धरून बाहेर आला. टाळ्या इतक्या पडल्या की त्या दिवशी गाडीसुद्धा मिळाली.

जिथे रावजी नावाचा एखादा पूर्वज नाही असं घर त्या गावात शोधूनही सापडलं नसतं. पण फ्लेक्स पहिला छापला तो संदेशने. ‘झांजिबारवीर कै. रावजी, आमचे पणजोबा.’ खाली कुठल्याशा संस्थानातल्या पट्टेवाल्याचा, नेटवरून उचललेला मिशाळ फोटो. आणि एवढा वीर घरात निपजला म्हटल्यावर शिमग्यात ग्रामदेवतेच्या पालखीचा पहिला मान त्याच घराला नको का? पालखी सहाणेच्या चौथऱ्यावरून उठली की आजवर पहिली जायची ती सगुणाच्या दारात. नवरा वारलेला, मुलगा मस्कतला. बाईचं गावात वजन म्हणावं असं तेवढंच.

बैठकीत वाद झाला. वादाचं उत्तर पुस्तकात शोधायची पद्धत गावात नव्हती. तिथे देवाला कौल लावतात. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, रावजी गावचा होता का ते विचारलं आणि देवाने उजवी पाकळी दिली, म्हणजे होकार. झांजिबारच्या युद्धावर निकाल देणारं ते पहिलंच देवस्थान असावं.

सगुणा एसटीने रत्नागिरीला सरांच्या घरी आली. पाणीदेखील घेतलं नाही.

“काय हो सर, हा रावजी तुमाला कुठं गावला?”

सरांनी साधनं, संदर्भ, मौखिक परंपरा असे शब्द एकामागून एक पुढे केले. सगुणा गप्प बसून राहिली. शब्द संपले तेव्हा सर म्हणाले, की कुठेच नाही.

“मंग चला. तिथं येऊन सांगा.”

सर गेले, ते सत्यासाठी गेलो असं स्वतःला सांगत. खरं म्हणजे त्यांना सगुणाच्या बसण्याची भीती वाटली होती. देवळात गाव जमला होता. सरांनी उभं राहून सांगितलं, की रावजी आपण रचला, असा कोणी नव्हता. आयुष्यात प्रथमच ते इतकं थोडक्यात बोलले होते.

कोणी रागावलं नाही. गावाचे जुने मानकरी बाळा खोत नुसते हसले, वेड्याच्या बडबडीला हसावं तसे.

“सर, देवानं पाकळी दिली. आता देव खोटा की तुमी?”

सरांनी गाभाऱ्याकडे पाहिलं. त्यांनी वर्गात चांगले चांगले सम्राट झोडपले होते, पण ते सगळे मेलेले आणि लांबचे. ते खाली बसले. संदेशने आभाराचं भाषण सुरू केलं.

तेवढ्यात खांबाशी उभी सगुणा बोलली. आवाज जराही न चढवता.

“सर, जहाज बुडाला तेवा रावजीचा वय काय व्हता?”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. तिची नजर हलत नव्हती.

“असेल वीस,” सर म्हणाले.

“लगीन झालेला?”

देवाला लग्नाचं कोणी विचारलंच नव्हतं.

“नाही,” सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज आपोआप व्याख्यानाचा झाला. “ठरलं होतं. मुलगी वाट बघत राहिली.”

मागे दोन बायकांनी पदर डोळ्यांना लावला. संदेश उसळून म्हणाला, की याला पुरावा काय?

“सर सांगतायत ना,” बाळा खोत म्हणाले. “प्रोफेसर हायत ते.” मग त्यांनी दारातल्या फ्लेक्सकडे सावकाश बघितलं. “रावजी बिनलग्नाचा गेला, तर तुजा आजा रं कुठून आला, संदेशा?”

गाव हसला तो पोट धरून. फ्लेक्स त्याच दिवशी उतरला. पुढे तो कोणाची तरी लाकडं झाकायला उपयोगी पडला.

शिमग्यात पालखी सहाणेवरून उठली ती थेट सगुणाच्या दारात. ढोलांचं वाजप दणकत होतं. सरांना खास बोलावणं होतं. पुढच्या माघात ‘आजन्म ब्रह्मचारी रावजी’ यावर बोलायचं, असं मंडळाने परस्पर ठरवूनही टाकलं होतं. सगुणा ओटीचं ताट घेऊन पुढे निघाली तेव्हा सरांना राहवलं नाही. शिक्षकाची सवय.

“सगुणाबाई, पण खरं सांगायचं तर...”

“आता खरा नको, सर,” सगुणा म्हणाली. “पालखी दारात हाय.”