होडीच्या पोटातली खोट

टिंग. वाटीत चमचा वाजला.

एवढासा आवाज, पण सकाळपासून मुक्या झालेल्या त्या घरात तो सगळ्यांना ऐकू गेला. सहा वर्षांची बेया जवाचं सूप प्यायला लागली होती. वसीलाने मांडीवरच्या तान्ह्याला जवळ ओढलं आणि इतका वेळ कोरडे राहिलेले तिचे डोळे भरून आले. लेकीच्या केसांत अजून समुद्राचं मीठ होतं.

सकाळी वसीलाचा नवरा लसाद लेकीला घेऊन ऑक्टोपस धरायला समुद्रात सोडलेली गाडगी उचलायला गेला होता. परतताना खोल पाण्याच्या वाटेवर त्याने मशीन जोरात सोडलं आणि होडी उजवीकडे झुकली. ती झुकायचीच, पण आज लाट आडवी आली. बेया काठावरून गेली ती ओरडलीसुद्धा नाही. लसादने मागे वळून पाहिलं तेव्हा फळीवर नुसती तिची चप्पल होती. उडी मारून त्याने तिला बाहेर काढलं, घरी आणलं, आणि मग भिंतीला टेकून जो बसला तो बसलाच. हात मांडीवर पालथे, जणू ते दुसऱ्या कोणाचे असावेत.

होडी झुकते हे केर्केनाच्या साऱ्या बेटाला माहीत होतं. हळू चालवली तर नव्या नवरीसारखी सरळ, आणि वेग घेतला की उजव्या कुशीवर. बंदरात दोन वर्षं त्याची थट्टा चालली होती. बायको फार खाऊ घालते वाटतं, एका अंगालाच चढतंय तुझ्या, असं लसादला ऐकावं लागे. त्याने काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. पेट्रोलचा डबा डावीकडे सरकवला, स्वतः डावीकडे बसला. सुतळी धरून मशीन बरोबर मधोमध आहे का ते मोजलं. मशीनच्या पाण्यातल्या पंख्यावरचं छोटं पातं एकदा या अंगाला वळवलं, एकदा त्या. पंखाही बदलला. तळाच्या फळीखाली पाणी मुरलं असेल म्हणून भोक पाडून पाहिलं, तर आतून फायबरचा कोरडा भुगा आला.

होडी वसीलाच्या भावाची होती. एकुलता एक भाऊ, हाशमी. दोन वर्षांपूर्वी वसीलाचे सासरे, म्हातारे अम्मार, पहाटे समुद्रावर गेले आणि त्यांची लाकडी होडी त्यांच्यासकट फुटून बुडाली. खडकावर आपटली असेल, असं लोक म्हणाले. "तिथे खडक कुठला? नुसता चिखल आहे," सासू मबरूका तेव्हापासून म्हणत होती. दुःखाने म्हातारीचं डोकं फिरलंय म्हणून सगळे तिला हो हो म्हणत. चाळिसाव्याच्या जेवणाला हाशमी आला, तो आपली फायबरची होडी मशीनसकट लसादच्या हवाली करायलाच. मला तिकडे सफाक्स शहरात काम मिळालंय, मला काय करायची होडी, म्हणाला. नवा पांढरा रंगही लावून आणला होता. तेव्हापासून सासरी वसीलाची मान ताठ होती. भाऊ असावा तर असा, असं शेजारणी म्हणत, आणि ती लाजल्यासारखं करून तेच पुन्हा ऐकून घेई.

"ती होडी आज उलटी करा," मबरूका कोपऱ्यातून म्हणाली. "नाहीतर जाळा. माझा माणूस त्या समुद्राने नेलाय, पोर देणार नाही मी."

लसाद उठला. मशीन दुरुस्त करणाऱ्या तिजानीकाकांना बोलावून आणलं. शेजारचे दोघे धरून चौघांनी मिळून होडी दारासमोरच्या वाळूत पालथी घातली. काकांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, सिगारेट कानामागे खोचली.

"दोन वर्षं मशीनला शिव्या घालतोस होय रे लसाद? वजनाने झुकणारी होडी उभी असतानाही झुकते. ही फक्त पळताना झुकते. खोट पोटात आहे."

त्यांनी गवंड्याची लांब पट्टी आणून होडीच्या बुडावर धरली. डावीकडे पट्टी मुकाट बसली. उजवीकडे, मशीनपासून दोन हात अलीकडे, ती डुगडुगली. तिथे हातभर लांबीचा फुगवटा होता, डोळ्यांना न दिसणारा. अशा फुगवट्यावरून पाणी जोरात धावलं की ते त्या अंगाला खाली ओढतं, काकांनी सांगितलं. कोणीतरी इथे घाईघाईत थिगळ लावलंय. खरवडा, सपाट करा, पुन्हा फायबर बसवा, झालं.

चारच्या फेरीबोटीने हाशमी येणार होता. शुक्रवारी तान्ह्याची सुंता, आणि बाळाला मामाने मांडीवर धरायचं. लसाद त्याला आणायला निघाला. तोवर वसीलाने खरवडायला घेतलं, होडीवाल्याचीच मुलगी ती. आधी तिने भावाला फोन लावला. बेयाचं सगळं सांगितलं. पलीकडे फेरीबोटीचा घरघराट चालू होता.

"ती होडी उलटी करू नका," हाशमी म्हणाला. "ऐक माझं, वसीला. तडकेल ती. सोडून द्या. मी दुसरी आणून देतो."

"अरे, उलटी केलीसुद्धा," ती म्हणाली. "खोटही सापडली. कोणा मेल्याने बुडाला थिगळ लावलंय."

फोन कटला. बोटीवर आवाज जात नसेल, असं तिला वाटलं. दुसरी आणून देतो म्हणे. किती करतो हा माणूस आपल्यासाठी.

तान्ह्याला सासूकडे देऊन, खरवडायचं पातं घेऊन ती वाळूत गुडघ्यांवर बसली. पांढरा रंग भसाभस निघाला. खाली भेगा बुजवायच्या करड्या लुकणाचा थर, त्याखाली फायबरची जाळी, नीट न चिकटलेली. तिने पात्याचं टोक खुपसून ती उचकटली, तेव्हा जाळीखालून बोटभर लाकूड निघालं. फायबरच्या बुडात लाकूड? तिने ते हातात फिरवलं. दुसऱ्या अंगाला रंग होता.

मोरपिशी.

हा रंग बाजारात मिळत नाही. तो सासऱ्यांनी केला होता. दाराला आणलेला निळा उरला, होडीला आणलेला हिरवा उरला, ते एका डब्यात ओतून काठीने ढवळले, आणि घराचं दार व आपली लाकडी होडी दोन्ही रंगवली. साऱ्या बेटावर असा रंग दुसरा नाही, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. नातीला सांगत, दार आणि होडी सख्खी भावंडं आहेत गं.

वसीलाने मूठ मिटली. पातं वाळूत पडलं. हाशमी मयताला आला नव्हता. ताप होता त्याला. चाळिसाव्याला आला तेव्हा अंगणात बसून असा रडला की बायकांनी त्यालाच पाणी पाजलं. पुढे कधी या होडीत पाय ठेवला नाही. उलटी करू नका. तडकेल. म्हणजे तिथे खडक नव्हताच, हीच होडी त्या होडीवर आदळली होती.

बाजूला फायबर चिकटवायचा डबा उघडाच होता. ती मुठीकडे बघत राहिली. पुन्हा जागच्या जागी ठेवावं, वरून जाळी, वरून लुकण, पांढरा रंग. पण मग होडी झुकायची ती झुकणारच, आणि पोर पुन्हा त्याच फळीवर बसणार. लसादला सांगावं, तर भाऊ गेला. आणि आत म्हातारी, जिला दोन वर्षं सगळ्यांनी वेडी ठरवलं, वसीलाच्या तान्ह्याला मांडीवर घेऊन गुणगुणत होती.

"सापडलं का गं पोरी काही?" मबरूकाने आतून विचारलं.

वसीला मूठ मिटूनच उठली.

वळणावर गाडी थांबली. लसाद उतरला, मेव्हण्याची पिशवी खांद्यावर टाकून, सकाळपासून पहिल्यांदाच हसत. मागून हाशमी, हातात मिठाईचा खोका. त्याने पालथी होडी पाहिली. तिचं उघडं पोट पाहिलं. मग बहिणीची मूठ. आणि तो होता तिथेच उभा राहिला.

"ये की," लसाद म्हणाला. "परका आहेस का?"

मुठीतला तुकडा वसीलाने घट्ट धरला होता. पण खरवडलेल्या भुग्यात दुसरा पडला होता, नखाएवढा, आणि तो बेयाने कधी उचलला ते तिला कळलंच नाही. पोर दारापाशी टाचा उंचावून उभी होती. तिने तो चिटकोरा दाराच्या फळीला लावला, आणि तो रंगात रंग मिळून दिसेनासा झाला. तिने तो काढला, पुन्हा लावला. मग सगळ्यांकडे वळून, त्या मिठाने ताठलेल्या केसांनिशी, तिने विचारलं,

"आई, आजोबांच्या होडीचा तुकडा मामाच्या होडीच्या पोटात कसा गेला?"