उजवीकडच्याचा मान

माझा जावई गॅरेट गाडी वाईट चालवतो असं मी कधी म्हटलं नाही. तो जर्मनीत राहून अमेरिकेतली गाडी चालवतो, एवढंच म्हणत आलो. त्याच्या नेवाडाच्या वाळवंटात हमरस्ता म्हणे इतका सरळ, की माणूस गुडघ्याने स्टिअरिंग धरतो आणि दोन्ही हातांनी बर्गर खातो. मनाला येईल त्या पट्ट्यातून जातो, मनाला येईल त्या बाजूने पुढे काढतो. आमच्या ऑटोबानवर वेगाला बंधन नाही म्हणून जगभरचे लोक आमचा हेवा करतात. बाकी प्रत्येक गोष्टीला आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

मी ऑटफ्रीड क्यूनास्ट. गावात मला मास्तर म्हणतात, कारण इथे स्टिअरिंग धरणाऱ्या बहुतेकांना मीच शिकवलंय. गॅरेटच्या राज्याचं लायसन्स आमचं सरकार मानत नाही, तेव्हा अर्धं आयुष्य गाडीत काढलेल्या या बाप्याला माझ्यापुढे श्रीगणेशापासून बसावं लागलं. पहिल्या परीक्षेत त्याने ऑटोबानवर एका ट्रकला उजवीकडून, म्हणजे आमच्याकडे बंदी असलेल्या बाजूने, मागे टाकलं. परीक्षक बाई मागच्या सीटवर डोळे मिटून बसल्या त्या शहर येईपर्यंत. दुसऱ्या परीक्षेत लाल दिवा असताना हा पठ्ठ्या उजवीकडे वळला.

"आमच्याकडे चालतं," तो म्हणाला.

"मग तिकडेच वळ," मी म्हणालो.

हे वाक्य मला महागात पडलं. माझी मुलगी स्वान्त्ये एकुलती एक. तिची आई गेल्यापासून मला दुसरं कोण आहे? ती शांतपणे पावाला लोणी लावत म्हणाली, "बाबा, पवनचक्क्या दुरुस्त करायला गॅरेटला गावोगाव फिरावं लागतं. लायसन्स नाही तर नोकरी नाही. आता नापास झाला, तर आम्ही खरंच तिकडे वळणार."

मी हातातला पाव खाली ठेवला.

तर ही तिसरी परीक्षा. गॅरेट स्टिअरिंगवर, मी शेजारी, पायाखाली माझे वेगळे ब्रेक. मागे परीक्षक ब्रान्डष्टेटरबाई. मी ब्रेकला पाय लावला किंवा नुसती खूण केली, तरी उमेदवार नापास. म्हणजे मुलगी वाचवायची तर मी दगड होऊन बसायचं.

ऑटोबानवर त्याने कमाल केली. ट्रक डावीकडून ओलांडला, लगेच उजव्या पट्ट्यात परतला. मागून एक काळी गाडी दिवे चमकावत उल्कापातासारखी आली, तर हा हसून म्हणाला, "जा रे बाबा, तुझी बायको वाट बघतेय." मी मनातल्या मनात त्याची पाठ थोपटली.

मग आम्ही गावात शिरलो आणि बेकरीजवळच्या चौकात आलो. तिथे ना दिवा, ना पाटी. अशा चौकात आमचा एकच कायदा: उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं. आमच्या उजवीकडून मयताची गाडी आली. समोरून बीट भरलेला ट्रॅक्टर. डावीकडून लाल गाडीत एल्फ्रीडेआजी, केस सेट करायला निघालेल्या. चौघंही एकदमच येऊन थांबले. प्रत्येकाच्या उजवीकडे कोणीतरी होतंच. त्यामुळे कोणीच हलेना.

कायदा म्हणतो, अशा वेळी आपसात ठरवा. पण या तिघांना शिकवलं कोणी? मी. आणि मी वर्षानुवर्षं त्यांच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं की हात हलवून दुसऱ्याला बोलावू नका, हात ही खूण नव्हे, हाताने माणसं मरतात. माझे विद्यार्थी सज्जन. तिघांनीही हात मांडीवर ठेवले होते.

आणि तिघंही माझ्याकडे बघत होते. मास्तर मान हलवतील, मग निघू. माझ्या नाकावर माशी बसली. ती हाकलली तर खूण होईल. मी माशीला नाक देऊन टाकलं.

मागे वाहनांची रांग लागली. बेकरीवाली दारात येऊन उभी राहिली. ट्रॅक्टरवाल्या हिनरिकने डबा उघडून जेवायला सुरुवात केली. मयताच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसलेल्या विधवेने काच खाली केली आणि मला हाक मारली, "मास्तर, तिकडे पाद्री थांबलाय हो!"

मी ओठसुद्धा हलवला नाही. निर्लज्ज दिसलो असेन.

मग गॅरेटने इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, धोक्याचे दिवे लावले, खांद्यावरून मागे बघितलं आणि दार उघडून चक्क उतरला. मागे बाईंचं पेन थांबल्याचं मला ऐकू आलं.

"राम राम मंडळी, मी गॅरेट," तो चौकाच्या मधोमध उभा राहून म्हणाला. "आमच्याकडे सोपं असतं. जो आधी आला तो आधी जातो. आधी कोण आलं?"

"मला काय ठाऊक?" एल्फ्रीडेआजी म्हणाल्या. "मी उजवीकडे बघत होते. तुमची गाडी आधीच उभी होती."

"माझ्या उजवीकडे आजी आधीच होत्या," हिनरिक तोंडातल्या घासासकट म्हणाला.

"आमच्या उजवीकडे ट्रॅक्टर आधीच होता," मयताच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला.

"आणि माझ्या उजवीकडे तुमची गाडी आधीच होती!" गॅरेट म्हणाला. प्रत्येक जण दुसऱ्याच्या नंतर आला होता. "बरं, घाई कोणाला आहे?"

सगळ्यांनी मयताच्या गाडीकडे पाहिलं.

"ह्यांना कसली आता?" विधवा फणकारली. "आणि लोकांच्या आधी घुसायचं ह्यांनी उभ्या जन्मात केलं नाही. आज कशाला बट्टा लावता?"

गॅरेटने डोक्यावरची टोपी काढली. "बाई, आमच्याकडे मयत निघालं की सगळा रस्ता थांबतो. उजवं नाही, डावं नाही. ते घुसणं नव्हे. तो मान असतो."

"मान असेल तर चालेल," विधवा म्हणाली, आणि डोळ्याला रुमाल लावला. हिनरिकने डब्याचं झाकण लावून टोपी काढली. मयत संथपणे चौक ओलांडून गेलं.

आणि गाठ सुटली! आता आमच्या उजवीकडे कोणी नव्हतं, म्हणजे पहिला हक्क आमचा. फक्त आमचा ड्रायव्हर टोपी हातात घेऊन रस्त्यात उभा होता. आजी थांबल्या, हिनरिक थांबला. एकानेही नियम मोडला नाही. गॅरेटच्या डोक्यात प्रकाश पडला तसा तो धावत आला, पट्टा लावला, आरसे बघितले आणि चौक पार केला.

गाडी उभी केल्यावर ब्रान्डष्टेटरबाई बराच वेळ लिहीत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आपसात ठरवावं असं कायद्यात लिहिलेलं मी वाचलं होतं. कोणी ठरवताना आज पहिल्यांदा बघितलं." आणि त्यांनी गॅरेटच्या हातात लायसन्स ठेवलं.

मी स्वान्त्येला फोन लावला. तिने "बाबा?" म्हटलं आणि इतका वेळ दगड झालेला मी हुंदके देऊन रडायलाच लागलो. शब्द फुटेना.

"झाला ना नापास?" ती म्हणाली. "रडू नका ना बाबा. मी तुम्हाला एकटं सोडून जाईन असं वाटलंच कसं? तिकडचं घर बघून ठेवलंय. तुमचे गुडघे दुखतात म्हणून खालच्या मजल्यावरची खोली तुमची. रस्त्याकडे खिडकी आहे. तिथे सगळेच चुकीच्या बाजूने पुढे काढतात, दिवसभर ओरडत बसा."

शेजारी गॅरेट लायसन्स नाचवत खुणा करत होता, सांगा ना, सांगा! एका शब्दाचं काम होतं. पण ती आणखी बोलावी असं मला फार वाटलं. मी नाक ओढलं आणि गप्प राहिलो.